कशाचं संकलन?

आमचे हे संकलक आहेत. हे वाक्य मी आयुष्यात ज्याच्या ज्याच्यापुढे बोलले, त्यानं मला उलट एकच प्रश्न विचारला, "कशाचे?"

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. आपल्या भाषेत दूध संकलन असतं, रक्त संकलन असतं, आणि रोज सकाळी गल्लीत भोंगा वाजवत जी गाडी येते तिच्यावर 'घनकचरा संकलन' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. या गर्दीत चित्रपट संकलन कुणाला सुचणार? आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आत्यानं मनाशी दुधाचं धरलं, आणि एकदा धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. भेटली की यांना बाजूला घेऊन विचारायची, "सध्या फॅट कसं लागतंय?" हे तितक्याच गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "उन्हाळ्यात जरा कमीच लागतं, आत्या." मी शेजारी ओठ चावत बसायची. आत्या गेली ती जावई दुधात आहे याच समाधानात गेली.

ज्यांना धंदा माहीत असतो त्यांचं तर आणखी वेगळं. त्यांना वाटतं हे कापतात. दिग्दर्शकानं हौसेनं जमवलेलं सगळं यांच्यापुढे येतं आणि हे त्यातलं नको ते कापून टाकतात, झालं काम. आमच्या शेजारीण बाई यांना तोंडावर 'कात्रीवाले' म्हणतात. यांना राग येत नाही. यांना कशाचाच लवकर राग येत नाही, तो सगळा वाटा घरात माझ्याकडे आहे.

मी शाळेत भूगोल शिकवायचे. नदी शिकवायची तर उगमापासून सुरुवात करावी लागते, मग उपनद्या, मग वाटेतली गावं, आणि तास संपता संपता कुठे समुद्र. तीच सवय मला घरी लागली. बाजारात आज काय झालं हे सांगायला बसले की मी घरातून कोणती पिशवी घेऊन निघाले तिथून सुरू करते. हे म्हणतात, "उगम काप. पूर आला तिथून सांग."

आणि यांचं ते बोट. कुठलंही दृश्य पहिल्यांदा बघताना हे उजव्या हाताचं मधलं बोट टेबलाच्या कडेवर ठेवतात. चित्र पुढे सरकत असतं, माणसं बोलत असतात, आणि जिथे यांना वाटतं की आता पुरे, तिथे ते बोट टेबलावर टक् करून वाजतं. मग तेच दृश्य पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळीही बोट नेमकं त्याच जागी पडलं, तर ते दृश्य तिथे संपतं. वेगळीकडे पडलं तर म्हणतात, "अजून मला कळलेलं नाही," आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहतात. हे कामापुरतं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण मी जेवताना काही सांगत असते, आणि मध्येच ताटाशेजारी टक् होतं. मला कळतं की माझी गोष्ट संपली. मी अर्थातच पुढे सांगते.

सुरुवातीला हे काम फिल्मच्या पट्ट्यांवर चालायचं. स्टुडिओत यांची खोली जिन्याखाली होती. हातात पांढरे मोजे, गळ्यात दोनचार पट्ट्या लोंबताहेत, आणि भोवती कापडी अस्तराच्या पेट्या, त्यांत वरून खिळ्यांना टांगलेल्या आणखी पट्ट्या. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथे गेले तेव्हा शिंप्याच्या दुकानात आल्यासारखं वाटलं. त्यातली एक पेटी कोपऱ्यात वेगळी होती, तिच्यावर यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'उरलंसुरलं'. कॅमेरा नुकताच सुरू झालाय आणि नट अजून नाक पुसतोय, दृश्य संपलंय आणि कुणी तरी जांभई देतंय, दिवा पडलाय, कुत्रं आडवं गेलंय, असलं सगळं त्या पेटीत. बाकीचे संकलक ते फेकून द्यायचे. हे जपून ठेवायचे.

पुढे पट्ट्या गेल्या, संगणक आला. यांच्या वयाचे पुष्कळ लोक तिथे घरी बसले. हे बसले नाहीत, कारण यांना यंत्राचं कौतुकही नव्हतं आणि भीतीही नव्हती. आमचा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला आणि त्याची मागची खोली यांनी बळकावली. दोन पडदे, खिडकीला जाड काळा पडदा, भिंतींवर जुन्या गाद्यांचं अस्तर. हे आवाज ऐकायला बसले की पंखा बंद, आणि स्वयंपाकघरात मिक्सर लावायला बंदी. पाहुण्यांसाठी एक जुना सोफा, ज्याच्या स्प्रिंगांनी कधीच हात टेकलेत. त्यावर बसलेला माणूस असा आत जातो की नुसते गुडघे दिसतात. कितीतरी दिग्दर्शक मी त्या सोफ्यातून हात धरून वर काढलेत. आणि संगणकातसुद्धा यांचा एक कप्पा आहेच, नाव तेच, 'उरलंसुरलं'.

आता ज्यासाठी बसले ते सांगते. उगम बराच कापला आहे, याची नोंद घ्यावी.

एक मुलगी आली. वय तिशीच्या आसपास, बँकेतली नोकरी सोडून चित्रपट करायला निघालेली, आणि हा तिचा पहिलाच. दिग्दर्शिका म्हटलं की डोळ्यांपुढे जे येतं तसं तिच्यात काहीच नव्हतं. केस घट्ट बांधलेले, बोलताना समोरच्याकडे न बघता टेबलाकडे बघायची, आणि चहा दिला की कप स्वतः विसळून ठेवायची. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली.

तिची गोष्ट साधी होती. आई नसलेली एक मुलगी बापाचं न ऐकता घर सोडून लांबच्या शहरात नोकरीला जाते, तिथे एकटी राहते, ठेचकाळते, आणि शेवटी परत येते. घर म्हणून तिनं इमारतीच्या तळमजल्यावरचं स्वतःचंच घर वापरलं होतं. बापाच्या कामासाठी ठरवलेला नट आयत्या वेळी पाय मोडून बसला. सगळी मंडळी दारात खोळंबलेली, आणि तिचे खरे वडील त्यांना पाणी देत, खुर्च्या सरकवत हिंडत होते. कुणीतरी म्हणालं, यांनाच उभं करा की. वडील लगेच तयार झाले. मुलीनं नोकरी सोडल्यापासून बापलेकीत कामापुरतंच बोलणं होतं, त्यामुळे नाही म्हणणं तिला जमलं नाही.

वडील सेवानिवृत्त. जन्मभर बसस्थानकावर उद्घोषक होते. काचेच्या खोलीत माईकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे सांगायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या इमारतीत त्यांना 'फलाटकाका' म्हणतात. आणि झालं असं की 'ॲक्शन' हा शब्द कानावर पडला की फलाटकाका छाती भरून श्वास घ्यायचे, कॉलर सरळ करायचे, आणि पुन्हा बसस्थानकावर जाऊन पोचायचे. मुलगी घर सोडून निघते त्या प्रसंगात त्यांना मोठं भाषण होतं. "आज या घराचा उंबरठा ओलांडलास, तर या घराचे दरवाजे तुला कायमचे बंद." ते त्यांनी असं म्हटलं होतं की मला वाटलं आता पुढे येणार, प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी. मागच्या खोलीत ते बघताना मी हसले. हे हसले नाहीत. दिग्दर्शिका तर मान खाली घालून बसली होती.

निर्मात्यानं हा सगळा ऐवज पाहिला आणि सरळ सांगितलं, बाप काढा. बापाशिवाय गोष्ट उभी राहिली तर ठीक, नाहीतर पिक्चर डब्यातच राहील. पुन्हा शूटिंग करायला तो तयार नव्हता, आणि त्याचंही खोटं नव्हतं.

पण तिकडे फलाटकाकांनी भाषण तोंडपाठ करून अख्ख्या इमारतीला ऐकवलं होतं. पहिल्या खेळाला कोण कोण येणार, कोण कुणाशेजारी बसणार, हेही ठरवून झालं होतं. मुलीला त्यांनी मुद्दाम फोन केला, बऱ्याच काळानं स्वतःहून, आणि विचारलं की तिकिटं आधी काढावी लागतील का. ती मला हे स्वयंपाकघरात सांगत होती. म्हणाली, "काकू, बाबांना कसं सांगू? एक वेळ पिक्चर डब्यात गेला तर चालेल, असं वाटायला लागलंय." तिचा आवाज अगदी सरळ होता आणि डोळे भरून आले होते. मी तिला बिस्किटं दिली.

हे निर्मात्याच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. बाप काढून गोष्ट लावली. नंतर नेहमीप्रमाणे मला बोलावलं. यांचा एक ठोकताळा आहे. मला सिनेमातलं काही कळत नाही, म्हणून आधी मला दाखवायचं. माझ्या मताला यांच्या लेखी काडीचीही किंमत नसते, हे फक्त माझ्याकडे बघत बसतात. तर त्या दिवशी चित्र चालू होतं, ती मुलगी बॅग उचलून घराबाहेर पडली, लांबच्या शहरात खोली शोधायला लागली, आणि मला आठवलं की वॉशिंग मशीन थांबलंय. मी उठले, कपडे वाळत घातले, आणि परत जायचंच विसरले. संध्याकाळी यांनी विचारलं, "कुठे उठलीस ते आठवतंय?" मी म्हटलं, तिला खोली मिळाली तिथे. हे म्हणाले, "ती घर सोडते, पण कुणाला सोडते तेच कळत नाही. मग तिला खोली मिळो न मिळो, तुला काय त्याचं."

बाप ठेवला तर लोक हसणार, काढला तर लोक उठणार. या कोंडीत यांनी 'उरलंसुरलं' उघडलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. शूटिंगचा नियम असा असतो की दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही. बाकी सगळ्या नटांना ही पोरगी खणखणीत आवाजात 'कट' म्हणायची. पण वडिलांना कसं म्हणणार? घरात ती त्यांना अहोजाहो करते, त्यांच्यापुढे कधी आवाज चढवलेला नाही, आणि आता चार लोकांत त्यांच्या अंगावर 'कट' म्हणून ओरडायचं? तिच्या तोंडून तो शब्दच निघायचा नाही. ती हळूच म्हणायची, "झालं, बाबा. बसा तुम्ही." आणि कॅमेऱ्यावरचा माणूस नवा, नियमाचा पक्का. त्याला 'कट' ऐकू आलेलं नसायचं, म्हणून तो कॅमेरा चालू ठेवून उभा. त्यामुळे वडिलांच्या प्रत्येक दृश्याच्या मागे एक लांब शेपूट राहिलं होतं, ज्यात दृश्य संपलेलं आहे आणि कॅमेरा चालू आहे. ही चूक दुसऱ्या कुणाच्या शूटिंगमध्ये झाली नसती. हिच्याकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत झाली होती.

हे ती शेपटं एकामागून एक बघत बसले. मी म्हटलं, कचरा कशाला चिवडताय? तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "लोक म्हणतात मी कापतो. पण पडद्यावर माझ्या नावाआधी काय लिहितात? संकलन. म्हणजे गोळा करणं. तुझी आत्याच बरोबर होती." मी म्हटलं, आत्याचं दूध होतं, हा कचरा आहे. हे म्हणाले, ते अजून ठरायचं आहे.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "बस. ऐक."

तोच प्रसंग होता. घराचं दार, बाहेर टळटळीत ऊन, दारात फलाटकाका. उंबरठा, दरवाजे, कायमचे बंद, सगळं दणदणीत म्हणून झालं. मग कॅमेऱ्याच्या बाजूनं दिग्दर्शिकेचा आवाज, "झालं, बाबा." आणि मी बघत होते तो माणूस बदलला. छातीतली हवा निघून गेली, खांदे खाली आले. दारात एक बारीक, दमलेला म्हातारा उभा राहिला. त्यानं कपाळावर आडवा हात धरून उन्हातून इकडे बघितलं, कॅमेऱ्याच्या किंचित बाजूला, जिथे त्याची मुलगी उभी असणार. आणि घरातल्या, माईक नसलेल्या आवाजात म्हणाला, "उन्हात उभी राहू नकोस."

लगेच इकडून तिचा आवाज आला, तुटक, "बाबा, प्लीज, मध्ये बोलू नका."

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ पायाकडे बघितलं. मग पुढच्या वेळेची तयारी म्हणून कॉलर सरळ केली.

यांचं बोट टक् करून वाजलं. मी चहा तिथेच ठेवला आणि बाहेर आले, कारण माझे वडील आठवले. त्यांचंही माझ्याशी बोलणं असंच असायचं, छत्री घेतलीस का, पैसे सुटे आहेत का. आणि मीसुद्धा अशीच तोडून बोलायची.

यांनी तो प्रसंग नव्यानं लावला. भाषण सगळं गेलं. मुलगी बॅग घेऊन फाटकाशी पोचते, बाप दारात येतो, कपाळावर हात धरतो, म्हणतो, उन्हात उभी राहू नकोस. मुलगी पाठमोरी आहे ती पाठमोरीच निघून जाते. बाप पायाकडे बघतो, कॉलर सरळ करतो. एवढंच. दिग्दर्शिकेचं ते तुटक वाक्य यांनी काढून टाकलं होतं, कारण ते गोष्टीतलं नव्हतं, आणि दुसरं कारण हे बोलले नाहीत तरी मला कळलं.

ती बघायला आली. सोफ्यात गुडघ्यांपर्यंत बुडून तिनं ते पाहिलं आणि विचारलं, "हे कुठून आणलंत? हे मी घेतलेलंच नाही." तेव्हा यांनी मूळ तुकडा लावला. तिच्या आवाजासकट.

मला यांचा संताप आला, सरळ सांगते. सांगता आलं असतं की तोंडानं. त्या पोरीला स्वतःचा तो आवाज ऐकवायची काय गरज होती? उन्हात उभी राहू नकोस हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत ऐकलं. त्या दिवशी तिच्या डोक्यात बदलता उजेड होता, पुढचं दृश्य होतं, माणसांची जेवणं होती. बाप काय म्हणतोय ते तिच्या कानांपर्यंत गेलंच नव्हतं. फक्त कुणीतरी मध्ये बोलतंय एवढं तिला कळलं होतं.

तिनं सोफ्याच्या कडेला धरून स्वतःला वर ओढलं. मग म्हणाली, "हे वापरायचं नाही. ते माझ्याशी बोलत होते."

"म्हणूनच ते खरं आलंय," हे म्हणाले.

"कॅमेरा चालू आहे हे त्यांना माहीत नव्हतं. ही चोरी आहे, काका. त्यांचं पाठ केलेलं भाषण काढायचं, आणि त्यांना न विचारता हे लोकांना दाखवायचं. मला नाही जमणार."

यांनी वाद घातला नाही. हे म्हणाले, तुझं बरोबर आहे, मग त्यांनाच विचार. ती कप न विसळता निघून गेली. त्यानंतर काही दिवस तिचा फोन नाही, निरोप नाही. मी यांच्याशी जेमतेम बोलत होते. हे म्हणाले, ठरवायचं तिनं आहे, आणि काय काय आहे हे माहीत नसताना माणूस कसं ठरवणार. मला ते पटलं, पण मी तसं कबूल केलं नाही.

मग एके दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात फलाटकाका. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि मागे दोन पायऱ्या खाली ती. आत येताच त्यांनी मला नमस्कार केला आणि जिना किती पायऱ्यांचा आहे, कुठली पायरी खचली आहे, हे स्पष्ट उच्चारात सांगितलं. मुलीनं त्यांना काय सांगून आणलं होतं देव जाणे. तिचा चेहरा बघून वाटत होतं की काहीच सांगितलेलं नाही. सोफ्यात ते इतके बुडाले की खिशातलं पेन हनुवटीला लागलं. मी उशी द्यायला गेले, तर नको म्हणाले. यांना त्यांनी विचारलं की भाषण नीट ऐकू येतंय ना, 'कायमचे' म्हणताना त्यांनी मुद्दाम जोर दिला होता.

हे म्हणाले, "तुम्ही बघा."

पंखा बंद केला. मी दारात उभी राहिले. ती खिडकीपाशी, काळ्या पडद्याला टेकून. चित्र सुरू झालं. मुलगी फाटकाशी पोचली, बाप दारात आला. सोफ्यातल्या फलाटकाकांचे ओठ हलायला लागले, भाषणाचा पहिला शब्द ते मनात म्हणत होते. पण पडद्यावरच्या त्यांनी भाषण केलंच नाही. कपाळावर हात धरला आणि म्हणाले, उन्हात उभी राहू नकोस. ओठ हलायचे थांबले. ते तसेच अर्धवट उघडे राहिले.

चित्र संपलं. त्यांनी विचारलं, "माझं भाषण नाही यात?"

"नाही," हे म्हणाले.

"सगळंच काढलं?"

"सगळंच."

त्यांनी मान हलवली, त्या मूळ तुकड्यात हलवली होती तशीच. त्या इमारतीतली माणसं, ती ठरलेली रांग, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. मग ते म्हणाले, "हे मी हिला म्हटलं होतं. त्या दिवशी फार ऊन होतं." यांनी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. यांनी लावलं. या वेळी ते पुढे वाकून बघत होते, आणि दृश्य संपल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इथे ही बोलली होती ना मला? ते कुठं गेलं?"

हे पहिल्यांदाच अडखळले. म्हणाले, "ते कापलं."

"का?"

खिडकीपासून ती म्हणाली, "ते बरं नाही वाटत, बाबा. मी तुमच्यावर खेकसले होते."

"खेकसलीस ना. मग?" फलाटकाका सोफ्यातून उठायचा प्रयत्न करत होते, ते जमेना, म्हणून बसूनच बोलले. आवाज साधाच होता, घरातला. "स्टँडवर मी जन्मभर बोलत राहिलो. मला उलट कुणी कधी बोललं नाही. उलट बोललीस ती तूच. ते ठेवा हो. नाहीतर तिथल्यासारखंच वाटतंय, मी एकटाच बोलतोय."

ती पडद्याकडे तोंड करून उभी राहिली. यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुर्ची पुढे ओढली आणि कापलेलं ते वाक्य पुन्हा जागेवर आणून बसवलं. इतक्या वर्षांत यांनी कापलेलं काही परत लावल्याचं मी पाहिलेलं नव्हतं. मी हळूच विचारलं, आवाज मुलीचं काम करणाऱ्या नटीचा नाही, लोकांना कळणार नाही का? तर हे म्हणाले, पाठमोऱ्या माणसाचा आवाज कुणी तपासत नाही. मग लावून बघितलं. उन्हात उभी राहू नकोस. बाबा, प्लीज, मध्ये बोलू नका. बाप पायाकडे बघतो. मुलगी निघून जाते. आता ती कुणाला सोडून जातेय ते कळत होतं, आणि ती परत का येणार तेही. यांचं बोट टक् झालं. पुन्हा लावलं, बोट पुन्हा तिथेच पडलं.

निर्मात्याचं मध्येच सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. त्यानं नंतर पूर्ण चित्रपट पाहिला, या प्रसंगापाशी पाणी मागितलं, आणि शेवटी म्हणाला, मी पहिल्यापासून म्हणत होतो, बाप पाहिजेच. आम्ही सगळ्यांनी हो म्हटलं. पहिल्या खेळाला फलाटकाकांची इमारत खरंच लोटली होती, आणि भाषण कुठे गेलं असं कुणी विचारलं की ते सांगायचे, संकलनात गेलं. कशाच्या, असं अर्थातच पुढचा विचारायचा.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. मुलीनं आणि मी दोन बाजूंनी धरून त्यांना सोफ्यातून काढलं. चहा झाला. तिनं सगळे कप विसळले, यांचाही. दोघं जिना उतरून गेली, आणि मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर ऊन होतं. ती गाडी बघायला पुढे गेली आणि ते फुटपाथच्या कडेला उभे राहिले, डोक्यावर काही नाही. तिनं वळून पाहिलं आणि तिथूनच म्हणाली, "बाबा, उन्हात काय उभे राहताय? सावलीत या."

फलाटकाकांनी कॉलर सरळ केली. म्हणाले, "मध्ये बोलू नकोस."

ती रस्त्यातच थांबली. पुढे काय झालं तेही मी पाहिलंय, आणि ते सांगायला मला एक अख्खं पान लागेल. पण हे माझ्या मागून वाचताहेत, आणि आत्ताच टेबलावर टक् झालं. या वेळी मीही इथेच थांबते.